शितावरून भाताची परीक्षा : प्रोसेसरच्या ओव्हरक्लॉकिंगचा निवाडा

(वाशी इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. शेवटी श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी तीन घेतले आहेत.)



आजचा विषय जाहीर झाल्यावर मला दोन फोन आले. एकानं विचारलं, ‘सर, तत्त्वज्ञानाच्या माणसाचं प्रोसेसरशी काय काम?’ दुसऱ्यानं विचारलं, ‘ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय हो?’ दुसऱ्याला आधी उत्तर देतो, त्यातच पहिल्याला मिळेल.

प्रोसेसरच्या पोटात एक ठोका चालू असतो. त्या ठोक्याच्या तालावर आतली सगळी कामं होतात. प्रोसेसर ५.२ गिगाहर्ट्झचा आहे म्हणजे सेकंदाला ५२० कोटी ठोके. किती ठोके सुरक्षित, हे कारखाना ठरवतो आणि खोक्यावर छापतो. छापताना तो थोडी गुंजाईश राखून ठेवतो, कारण तीच चिप लडाखमध्येही जाणार असते आणि चंद्रपूरलाही. ती राखलेली गुंजाईश आपण स्वतः वापरायची, ठोका छापील आकड्याच्या पुढे न्यायचा, याचं नाव ओव्हरक्लॉकिंग. ठोका वाढवायचा तर बहुधा व्होल्टेज वाढवावं लागतं. वीज किती खर्च होणार, ते ठोक्याच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत ठरतं. ठोका पाच टक्के वाढवला आणि व्होल्टेजही पाच टक्के वाढवलं, तर विजेचा खर्च पाच किंवा दहा नव्हे, जवळजवळ सोळा टक्क्यांनी वाढतो. आणि ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. इतकं भौतिकशास्त्र आज पुरे.

आता आपल्या कामाकडे वळू. कुठलाही नवा प्रोसेसर बाजारात आला की आठवड्याभरात एक वाक्य सगळीकडे ऐकू येतं : ‘हा चांगला ओव्हरक्लॉक होतो,’ किंवा ‘होत नाही.’ मला त्या वाक्याची तपासणी करायची आहे. कारण त्या वाक्यावर पैसे खर्च होतात. कोपरखैरण्याच्या किंवा घणसोलीच्या घरात कॉम्प्युटर बहुधा एकच असतो. मुलीची आर्किटेक्चरची ड्रॉइंग्ज त्याच्यावर, मुलाचे गेम त्याच्यावर, वडिलांचा जीएसटीचा हिशोबही त्याच्यावरच. त्या घरात हे वाक्य चुकीचं निघालं, तर चाचणी करणाऱ्याचं काहीच बिघडत नाही, या घराचं मात्र बिघडतं.

उदाहरण म्हणून एएमडीचा रायझन ७ ९८००एक्स३डी घेतो. ७ नोव्हेंबर २०२४ला तो विक्रीला आला. आठ कोअर, कमाल ठोका ५.२ गिगाहर्ट्झ. ‘एक्स३डी’ म्हणजे प्रोसेसरवर जादा कॅश मेमरीचा एक थर चढवलेला. २०२२ सालच्या ५८००एक्स३डीमध्ये हा थर कोअरच्या वर बसवला होता, म्हणजे उन्हाळ्यात अंगावर गोधडी घातल्यासारखं. उष्णतेला वर जायला वाट नाही, म्हणून कंपनीनं ठोका वाढवायची सोयच बंद ठेवली होती. ७८००एक्स३डीलाही पूर्ण मोकळीक नव्हती. नव्यात त्यांनी गोधडी काढून तिची सतरंजी केली, कॅश कोअरच्या खाली नेली. कोअर वर आले, कूलरच्या जवळ आले, आणि या जातीत पहिल्यांदाच ओव्हरक्लॉकिंग पूर्ण खुलं झालं. ही अभियांत्रिकी मला फार आवडली, आणि ते मी आधीच सांगून टाकतो. पुढची टीका ऐकताना हे विसरू नका.

आता परीक्षणं काय करतात? परीक्षकाकडे एक चिप असते, पुष्कळदा कंपनीनंच पाठवलेली. तो ती उघड्या टेबलावर, पेटीविना, भल्या मोठ्या वॉटरकूलरखाली ठेवतो. खोलीत एसी चालू. ठोका वाढवतो, सिनेबेंच लावतो, तासभर बघतो. बंद पडली नाही. निकाल : ‘चांगला ओव्हरक्लॉक होतो.’

याला आपल्याकडे नाव आहे, स्थालीपुलाकन्याय. आपली आजी त्याला म्हणते शितावरून भाताची परीक्षा. एक शीत दाबून बघायचं आणि पातेलंभर भात शिजला की नाही ते सांगायचं. ही परीक्षा खोटी आहे का? मुळीच नाही, आजी रोज करते आणि रोज बरोबर येते. पण ती का बरोबर येते, याचा विचार आपण करत नाही. सगळी शितं एकाच तांदळाची, एकाच पातेल्यात, एकाच पाण्यात, एकाच आचेवर, तेवढाच वेळ असतात. या सगळ्या समानतेच्या जोरावर एक शीत बाकीच्यांच्या वतीनं बोलतं. आता शेजारणीच्या पातेल्यातला भात शिजला का, हे आपलं शीत दाबून सांगा बरं!

चिपचं अगदी हेच आहे. एका सिलिकॉनच्या चकतीवर शेकडो चिप्स घडतात, पण मधली आणि कडेची सारखी निघत नाही. एकीला अमुक ठोक्याला कमी व्होल्टेज पुरतं, दुसरीला जास्त लागतं. ओव्हरक्लॉकिंग करणारी मंडळी याला सिलिकॉन लॉटरी म्हणतात. अमेरिकेत त्याच नावाचं एक दुकान होतं. ते चिप्स विकत घेऊन, एकेक तपासून, जास्त पळणाऱ्या जास्त भावानं विकत असे. शिवाय किती टक्के चिप्स कुठल्या ठोक्यापर्यंत पोचतात, तेही जाहीर करत असे. मला विचाराल तर त्या काळात ओव्हरक्लॉकिंगबद्दलचं सर्वांत प्रामाणिक विधान त्या दुकानदाराच्या तक्त्यात होतं, परीक्षणांत नव्हतं. ‘ही चिप जाते’ असं तो म्हणत नव्हता, ‘इतक्यांपैकी इतक्या गेल्या’ म्हणत होता. २०२१मध्ये ते दुकान बंद झालं. का झालं, त्याकडे पुढे येतो.

न्यायदर्शनाची एक संज्ञा इथे लागते : उपाधी. तर्कसंग्रह ज्यांनी वाचला असेल त्यांना ही माहीत आहे. मुंबईत यशवंत वासुदेव आठल्ये यांनी संपादित केलेली १८९७ची आवृत्ती अजून जुन्या ग्रंथालयांत सापडते, जरूर बघा. तिथलं नेहमीचं उदाहरण असं : डोंगरावर धूर दिसला, तर तिथे आग आहे हे अनुमान ठीक. पण उलट करून बघा. आग आहे, म्हणून धूर असणारच? नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग आहे, धूर कुठे आहे? धुरासाठी ओलं सरपण लागतं. ते ओलं सरपण म्हणजे उपाधी, म्हणजे न सांगता आत शिरलेली अट. स्वयंपाकघरात सरपण नेहमीच थोडंफार ओलं असतं, त्यामुळे तिथे बसून ‘आग तिथे धूर’ हा नियम वाटायला लागतो.

आपल्या परीक्षकाचं अनुमान मांडू. ‘हा ९८००एक्स३डी आहे, म्हणून हा ५.४वर स्थिर चालेल.’ यातलं ओलं सरपण कोणतं? एसीची खोली. पेटीविना टेबल. ती विशिष्ट चिप. तासाभराची मुदत. या अटी असतील तर निकाल खरा. पण त्या अटी प्रोसेसरच्या खोक्यात येत नाहीत.

हिशोब करून बघू. कूलर प्रोसेसरला कधीच ‘थंड’ करत नाही, तो फक्त त्याची उष्णता खोलीच्या हवेत सोडतो. म्हणजे प्रोसेसर खोलीपेक्षा किती अंशांनी वर राहील, एवढंच कूलरच्या हातात असतं. समजा परीक्षकाच्या खोलीत २१ अंश आहेत आणि प्रोसेसर ८० अंशांवर आहे. फरक ५९. हाच संच उचलून मे महिन्यात नेरुळच्या चौथ्या मजल्यावर आणला, वर फक्त पंखा, खोलीत ३३ अंश. प्रोसेसर झाला ९२. तापलेल्या सिलिकॉनमधून वीज जास्त झिरपते, म्हणून प्रत्यक्षात आणखी थोडा वरच. पेटी बंद केली की आणखी वर. आणि ९५ अंशांना हा प्रोसेसर स्वतःच ठोका खाली आणतो. म्हणजे जो जादा वेग तुम्ही कमावला, तो नेमका दुपारी गायब. परीक्षण खोटं नव्हतं, ते दुसऱ्या हवामानातलं होतं. आपल्याकडच्या परीक्षकांबद्दल मला खरी तक्रार इथे आहे. आपल्या भाषेत, आपल्या गावात बसून चाचणी घेतात, आणि तरी खोलीचं तापमान सांगत नाहीत. पाच मिनिटं पेटीतल्या दिव्यांचं वर्णन करतील, पण थर्मामीटर दाखवणार नाहीत.

पुढचा मुद्दा चाचणीचा. ‘तासभर बंद पडली नाही’ याचा अर्थ ‘स्थिर आहे’ असा होत नाही, ‘अजून पकडली गेली नाही’ एवढाच होतो. कार्ल पॉपर यांनी विज्ञानाच्या सिद्धान्तांबद्दल हेच सांगितलं होतं. शंभर चाचण्यांतून सुटलेला सिद्धान्त सिद्ध होत नाही, एका चाचणीत अडकलेला मात्र मोडतो. मग चाचणी कशी हवी? पाडणारी हवी. आणि गंमत अशी की आजच्या प्रोसेसरला पाडणारी चाचणी ही बऱ्याचदा सर्वांत जड चाचणी नसते. रायझनमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर नावाची सोय आहे. तिच्यामुळे त्याच ठोक्याला कमी व्होल्टेज देता येतं, प्रोसेसर गार राहतो आणि आपोआप वर चढतो. ते जरा जास्त कमी केलं तर काय होतं? सगळे कोअर घाम गाळत असताना मशीन नीट चालते, आणि तुम्ही चहा प्यायला उठलात, काहीच काम नाही, की बंद पडते. कारण हलक्या कामात एखादा कोअर एकटाच सर्वांत उंच ठोक्यावर उडी मारतो आणि तिथे व्होल्टेज अपुरं पडतं. जड चाचणीत ठोकाच तेवढा वर जात नाही, मग तो दोष दिसणार कसा? म्हणून सिनेबेंच पास झालं, हा स्थिरतेचा हेतू सव्यभिचारी आहे. साध्य नसलं तरी तो हजर असतो. एकेका कोअरला वेगळं गाठून तासन् तास तपासणाऱ्या चाचण्या आहेत. त्या कंटाळवाण्या आहेत, व्हिडिओत चांगल्या दिसत नाहीत, म्हणून दाखवत नाहीत.

शिवाय आकडासुद्धा फसवतो. व्होल्टेज अपुरं पडतंय असं वाटलं की हे प्रोसेसर स्वतःला सावरायला ठोका क्षणभर ताणतात. पडद्यावर ५.४ दिसत राहतं, प्रत्यक्ष काम त्याहून कमी होतं. याला क्लॉक स्ट्रेचिंग म्हणतात. दिसणारा ठोका आणि असणारा ठोका हे दोन वेगळे. आमच्या विषयात या भेदावर अडीच हजार वर्षं वाद चालू आहे, इथे तो एका साध्या मोजमापानं मिटतो : आकडा वाढला तेवढं काम वाढलं का? नसेल, तर आकडा खोडून टाका.

आता थोडा इतिहास, कारण ‘चांगला ओव्हरक्लॉक होतो’ या वाक्याची प्रतिष्ठा कुठून आली ते कळायला हवं. १९९८च्या ऑगस्टमध्ये इंटेलनं सेलेरॉन ३००ए आणला. स्वस्तातला प्रोसेसर. ठोका ३०० मेगाहर्ट्झ, म्हणजे मदरबोर्डच्या बसचा ६६ गुणिले साडेचार. गुणक बदलता येत नव्हता, पण बस ६६ऐवजी १०० केली की तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर धावायचा. पन्नास टक्के जास्त! कितीतरी महाग अशा पेंटियम टूच्या रांगेत जाऊन बसायचा. लॅमिंग्टन रोड म्हणजे आताचा डॉ. भडकमकर मार्ग. त्या काळी वाशी-नेरुळची मुलं कॉम्प्युटरचे सुटे भाग आणायला हार्बर लाइननं तिथवर जात. या वयाची मंडळी इथे बसली आहेत, त्यांचे डोळे आत्ता चमकले, मला दिसले. दोन वर्षांनी एएमडीच्या अथलॉन आणि ड्युरॉनवरचे तुटलेले सूक्ष्म पूल साध्या शिसपेन्सिलीनं जोडून गुणक मोकळा करायची युक्ती निघाली. पेंटियमचे जनक म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम हे जन्मानं पुण्याचे. त्यांच्या चिपच्या वंशजांना इथल्या पोरांनी असं पिटाळलं, हा एक योगायोग.

पण ते पन्नास टक्के आले कुठून? सेलेरॉनच्या अंगात ते बळ होतंच. बाजारात स्वस्त आणि महाग असे दोन वर्ग हवे होते, म्हणून त्याच्या कपाळावर लहान आकडा छापला होता. ओव्हरक्लॉकिंगचं सौंदर्य त्यात होतं. छापील आकडा व्यापाराचा होता, खरा आकडा सिलिकॉनचा, आणि पोरं तो शोधून काढत होती.

आज परिस्थिती उलटी झाली आहे. आता कारखानाच एकेक चिप तपासून तिला टोकापर्यंत नेतो आणि तो आकडा ‘बूस्ट’ म्हणून खोक्यावर छापतो. गुंजाईश कंपनीनं आधीच विकून टाकलेली असते. ते सिलिकॉन लॉटरीचं दुकान बंद झालं ते याच कारणानं : वेगळं काढून विकावं असं अंतरच उरलं नाही. मग ‘किती वर जातो’ हा प्रश्न जुन्या सवयीनं विचारला जातो. २०२२च्या डिसेंबरमध्ये द्रवरूप हेलियम ओतून इंटेलचा कोअर आय९-१३९००के ९ गिगाहर्ट्झच्या पुढे नेला गेला. खेळ म्हणून उत्तम. पण उंच उडीच्या विक्रमावरून कुणी घराचा जिना बांधत नाही.

आणि त्याच १३९००केचं पुढे काय झालं, ते आजच्या विषयात सर्वांत महत्त्वाचं आहे. या पिढीचे आणि त्यानंतरच्या चौदाव्या पिढीचे वरच्या दर्जाचे प्रोसेसर काही महिन्यांच्या वापरानंतर अडखळायला लागले. गेम बंद पडायचे आणि संदेश यायचा, ‘व्हिडिओ मेमरी संपली’. लोक ग्राफिक्स कार्ड बदलत बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी! २०२४मध्ये इंटेलनं कारण सांगितलं : जादा व्होल्टेज आणि उष्णतेमुळे कोअरमधल्या ठोक्याच्या परिपथाची झीज होते, आणि स्थिर राहायला लागणारं किमान व्होल्टेज हळूहळू वर सरकतं. ऑगस्टपासून मायक्रोकोडच्या दुरुस्त्या आल्या, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. शिवाय काही मदरबोर्ड मूळ सेटिंगमध्येच इंटेलनं सांगितलेल्या विजेच्या मर्यादा ओलांडत होते, हेही पुढे आलं. ज्यांनी बायोसला कधी हात लावला नव्हता, त्यांच्याही घरी हे घडलं. पहिल्या आठवड्याच्या परीक्षणांत यातलं काहीही दिसणं शक्य नव्हतं, कारण इथली उपाधी होती काळ. भात आज शिजला आहे, उद्या आंबेल का हे शीत दाबून कळत नाही.

मग ९८००एक्स३डीबद्दल माझा निवाडा काय? ओव्हरक्लॉकर म्हणून : परवानगी मोठी, फळ लहान. कंपनीच्या स्वयंचलित सोयीतून ठोका २०० मेगाहर्ट्झनं वाढवता येतो, म्हणजे चार टक्क्यांहूनही कमी. गेममध्ये त्याचा परिणाम आणखी पातळ होतो, कारण या प्रोसेसरचं बळ ठोक्यात नाही, त्या मोठ्या कॅशमध्ये आहे. आणि एवढ्यासाठी ओव्हरक्लॉकिंगनं झालेलं नुकसान वॉरंटीबाहेर जातं. व्होल्टेज बेतानं उतरवून तोच वेग कमी उष्णतेत मिळवण्यात मात्र हा प्रोसेसर फार समजूतदार आहे, आणि आपल्या हवेत मी तेच खरं ओव्हरक्लॉकिंग मानतो. तुलनेला इंटेलचा कोअर अल्ट्रा २००एस घ्या. एप्रिल २०२५मध्ये इंटेलनं त्याच्यासाठी ‘२००एस बूस्ट’ दिलं. कोअरला हात न लावता चिपच्या तुकड्यांमधला दुवा २.१वरून ३.२ गिगाहर्ट्झपर्यंत आणि मेमरी ८०००पर्यंत नेता येते, तेही वॉरंटी शाबूत ठेवून. अडचण जिथे होती तिथेच उपाय केला, म्हणून मला तो जास्त विचारी वाटतो. मात्र मालकाच्या परवानगीनं कुंपण ओलांडलं तर ते ओलांडणं का, असा प्रश्न कुणी विचारला, तर तो माझ्या विषयातला आहे आणि त्याला वेगळं व्याख्यान लागेल.

प्रश्न : सर, मग ही परीक्षणं बघूच नयेत का?

उत्तर : बघावीत की. फक्त तीन-चार गोष्टी शोधाव्यात : खोलीचं तापमान, पेटी बंद की उघडी, चिप विकत घेतली की आली, चाचणी किती तास आणि कुठली. त्या सापडल्या नाहीत तर व्हिडिओ करमणूक म्हणून बघावा. आणि सहा महिन्यांनी त्याच चिपचं पुन्हा परीक्षण करणारा कुणी सापडला, तर त्याला धरून ठेवा.

प्रश्न : आपल्याकडे गरम होतं म्हणता, तर बर्फाचं पाणी फिरवून गार करता येणार नाही का? माझा मुलगा म्हणतोय.

उत्तर : मुलाला थांबवा. पावसाळ्यात आपल्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. त्याहून गार झालेल्या प्रत्येक नळीवर, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखं पाणी सुटणार, आणि खाली मदरबोर्ड आहे. द्रवरूप नायट्रोजनवाले लोक सगळं इन्सुलेशननं लपेटून काही मिनिटांसाठी खेळतात. घरातल्या मशीनला ते नको.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगला आहे, नवा पीसी बांधतेय. ओव्हरक्लॉकिंगसाठी महाग मदरबोर्ड घेऊ का?

उत्तर : इंटेल घेतलास तर त्यासाठी के अक्षराचा प्रोसेसर आणि झेड मालिकेचा बोर्ड, दोन्हीचे जादा पैसे लागतील. एएमडीत बी मालिकेचा मधल्या किमतीचा बोर्ड पुरतो. मी तुझ्या जागी असतो तर तोच घेतला असता, आणि वाचलेल्या पैशांत बरा कूलर, हवा खेळती राहील अशी पेटी आणि एक यूपीएस घेतला असता. प्रोजेक्टच्या फायलींची प्रत दुसरीकडे ठेव. व्होल्टेज उतरवायचं असेल तर थोडं थोडं उतरव, प्रत्येक पायरीला रात्रभर एकेक कोअर तपास. आणि शेवटची चाचणी मे महिन्यात दुपारी तीनला, एसी बंद ठेवून घे. जानेवारीत घेतलीस तर निकाल जानेवारीपुरताच मिळेल.